शेवाळकाकांचं बियाणं

शेवाळकाका कोणाच्याही घरी गेले की चपला काढून सरळ स्वयंपाकघरात शिरायचे आणि फ्रीज उघडायचे. घरातली बाई हातात पाण्याचा ग्लास घेऊन बघत राहायची. काका आइस्क्रीमचा डबा काढायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, डबा डोळ्यांशी धरून मागची बारीक अक्षरं वाचायचे आणि ओरडायचे, "सापडला! चारशेसात!" चारशेसात हा समुद्री शेवाळापासून काढलेल्या एका पदार्थाचा आकडा. आइस्क्रीम वितळून पाणी होऊ नये म्हणून तो घालतात. एवढं सांगून ते डबा होता तिथे ठेवायचे, आणि मग बसा म्हटलं तर बसायचे. आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत त्यांना सगळे शेवाळकाका म्हणायचे. त्यांचं खरं नाव निम्म्या लोकांना ते गेल्यावर सूचना फलकावर वाचून कळलं.

मी त्यांच्या समोरच्या दाराची. अंधेरीच्या विमा कचेरीत नोकरी, घरी एकटी, आणि तोंड जरा तिखट, त्यामुळे सोसायटीत माझ्याशी बोलणारे थोडे. काकांना त्याचं काही नव्हतं. बोलायला माणूस हवा, एवढीच त्यांची अट. ऐकणाऱ्याला कंटाळा आला आहे हे त्यांना कधी दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी ते थांबले नसते. मी एकदा स्पष्ट सांगितलं, "काका, मला समुद्रातलं मासे सोडून काही कळत नाही." त्यावर म्हणाले, "म्हणूनच सांगतो. ज्याला कळतं त्याला सांगून काय उपयोग गं?"

त्यांची नोकरी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत झाली. काचेच्या बशांमध्ये जंतू वाढवायचे, मोजायचे, मारायचे. जंतू वाढवायला बशीत जो थर ओततात तो अगरचा, म्हणजे आपण घरी पुडिंग करायला जे चायना ग्रास आणतो तेच. तेही शेवाळच. सबंध नोकरीभर परदेशातून आलेले त्याचे डबे फोडताना त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळत राहिला. त्यांचं गाव मालवणच्या बाजूला, घराच्या पायरीवरून समुद्र दिसणारं. तिथल्या खडकांवर शेवाळ माजलेलं, लहानपणी त्यावरून घसरून त्यांनी हात मोडून घेतलेला. आणि इथे डबे येतात परदेशातून. "नावच बघ, चायना ग्रास. आपल्या समुद्राला लाज वाटायला हवी," ते म्हणायचे. समुद्राला कशी लाज वाटेल, असं विचारलं की चिडायचे.

निवृत्त झाल्यावर बाकीचे काका लोक सकाळी नॅशनल पार्कात फिरायला लागले, हे गावी जाऊन बांबू बांधायला लागले. शेवाळाची शेती ऐकायला अवघड, करायला सोपी वाटते. बांबूचा चौकोनी तराफा करायचा, त्यावर दोऱ्या ताणायच्या, दोऱ्यांना लाल शेवाळाचे छोटे तुकडे बांधायचे आणि तराफा खाडीच्या तोंडाशी नांगरून ठेवायचा. खत नको, पाणी नको, रान नको. महिना-दीड महिन्यात तुकड्याचा झुबका होतो. गावातल्या बचत गटातल्या बायकांना काकांनी हे शिकवलं. त्यांची पुढारी सुगंधा, नवरा ट्रॉलरवर खलाशी असलेली, बोलायला माझ्यासारखीच. पहिल्या दिवशी ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून काकांना म्हणाली होती, "काका, ह्या जर वाढला नाय, तर तुमकाच दोरयेक बांधून ठेवतलय." शेवाळ वाढलं. बायका हसल्या, काका वाचले.

अडचण पुढेच होती. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर तराफा टिकत नाही. समुद्र उधाणतो, आणि नद्या-ओहोळांचं गोडं पाणी येऊन खाडीचा खारेपणा मरतो. या शेवाळाला गोडं पाणी म्हणजे विष. त्यामुळे जूनमध्ये सगळं काढून वाळवायचं, आणि पाऊस संपला की दक्षिणेतून नवीन बियाणं मागवायचं. बियाणं म्हणजे दाणे नव्हेत, त्याच शेवाळाचे जिवंत ओले तुकडे. ते ट्रकमधून दोन-दोन दिवस येणार, अर्धे वाटेत सडणार, उरलेले इथल्या पाण्याला रुळेपर्यंत हंगाम निम्मा सरणार. दोन वर्षं असं झालं. तिसऱ्या वर्षी सुगंधाने काकांना तोंडावर सांगितलं, "काका, एक वर्ष अजून बघतंव. बी वेळेवर नाय इली तर आमी कोलंबी सोलूक जातंव." काका बोरीवलीला आले ते हे वाक्य घेऊनच. चहाचा कप हातात धरून मला म्हणाले, "बियाणं उसनं आणि शेती आपली, असं कसं चालेल? पावसाळाभर बी मी जगवणार. इथे."

इथे म्हणजे आमच्या गच्चीवर. गावात पावसाळ्यात वीज असते कमी आणि जाते जास्त, आणि बी जगवायला पाण्यात रात्रंदिवस हवा सोडावी लागते. त्यांनी फायबरची रुंद, उथळ टाकी आणली, वर पारदर्शक पत्र्याचं छप्पर घातलं, हवेचा पंप बसवला. एप्रिल-मेमध्ये गोराईच्या पलीकडच्या किनाऱ्यावरून कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणलं, निवळू दिलं, काकूंच्या जुन्या मऊ साडीतून गाळलं. काकू वैतागल्या होत्या. "माझी साडी, माझं बाथरूम, माझ्या बादल्या," त्या मला म्हणाल्या, "आता मी तेवढी टाकीत जाऊन बसायची रवलंय." तरी साडी त्यांनीच काढून दिली होती, तीही चांगल्यातली.

सोसायटीचा विरोध व्हायचा तो झालाच. गच्ची सगळ्यांची, डास होतील, वास येईल, स्लॅब गळेल. काकांनी मीटिंगमध्ये शेवाळाचं शास्त्र सांगायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांत लोक मोबाइल बघायला लागले. आमचे सेक्रेटरी पाटणकर, मनाने चांगला माणूस, म्हणाले, "काका, थोडक्यात सांगा ना, यात सोसायटीचा फायदा काय?" तेव्हा काकांनी थाप मारली. जन्मभर जंतू मोजलेला, देवळात न जाणारा माणूस हात जोडून म्हणाला, "समुद्राचं पाणी आहे हो पाटणकर. सागर म्हणजे सगळ्या तीर्थांचं तीर्थ. आपल्या डोक्यावर असलेलं बरं." परवानगी लगेच मिळाली. पुढे गच्चीवर खेळणाऱ्या पोरांनी टाकीत हात घालू नयेत, झाडूवालीने त्यात फडकं पिळू नये, म्हणून त्यांनी हीच थाप चालू ठेवली. पवित्र पाणी आहे, हात लावायचा नाही. पोरं खरंच लावायची नाहीत. काही बायका तर लांबून नमस्कार करायच्या. काका मला डोळा मारायचे.

त्याच उन्हाळ्यात जुहूच्या एका हॉटेलात समुद्री शेवाळाच्या भवितव्यावर परिषद होती. काकांना आमंत्रण आलं, त्यांनी मला ओढत नेलं. मोठा पडदा, त्यावर निळ्याशार समुद्राची चित्रं. सूट घातलेला एक माणूस सांगत होता की शेवाळ हे उद्याचं पीक आहे, त्यापासून खत होईल, इंधन होईल, प्लास्टिकऐवजी पिशव्या होतील, किनाऱ्यावरच्या प्रत्येक बाईच्या हाताला काम मिळेल. यात खोटं काही नव्हतं, काकाही माना डोलावत होते. शेवटी त्यांनी हात वर करून विचारलं, "पावसाळ्यात बियाणं कुठे ठेवणार?" तो माणूस हसून म्हणाला, "सर, ते ऑपरेशनल लेव्हलला बघता येईल." मग जेवण झालं. ताटात भाताच्या गुंडाळीला काळं शेवाळ लावलेलं होतं, परदेशातून आणलेलं. काकांनी एक खाल्लं, दुसरं रुमालात बांधून काकूंना नेलं. मला त्या सगळ्या लोकांचा असा राग आला होता की मी नुसतं आइस्क्रीम खाल्लं. त्यावर काका म्हणाले, "चारशेसात आहे ना?"

जूनच्या काढणीतले जिवंत तुकडे काकांनी गावाहून आणून टाकीत सोडले. पावसाळा सुरू झाला आणि ते गच्चीवरच राहायला गेल्यासारखे झाले. लोक पाऊस पडला म्हणून भजी तळायचे, हे छत्री घेऊन पत्र्याच्या कडा तपासायचे. रोज थोडं पाणी बदलायचं, पानांवरची घाण बोटांनी पुसायची, पांढरं पडलेलं टोक कात्रीने उडवायचं. आधी बरंच मेलं. मग जे जगलं ते धरलं. ऑगस्टमध्ये मला एकदा हाताला धरून वर नेलं. जाळीच्या पिशव्यांमध्ये तांबूस, जाड, कुरकुरीत फांद्या पाण्यात हलत होत्या. एका तराफ्याला पुरेल एवढंच होतं, पण त्या एकातून पुढचे सगळे भरले असते. "हे आता आपलं झालं," ते म्हणाले. "ह्याने आपला पावसाळा बघितला. आता याला कोणाच्या बापाची गरज नाही." त्यांचे डोळे भरले होते. मी काहीतरी तिरकस बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. इतका आनंदात असलेला माणूस मी त्या बिल्डिंगमध्ये दुसरा पाहिलेला नाही.

गणपतीला कोकणातला माणूस गावी जातो, त्यात चर्चेला जागा नसते. काका-काकू निघाले. पंपावर लक्ष ठेवायचं पाटणकरांनी स्वतः होऊन कबूल केलं. मी पार्ल्याला भावाकडे, आमच्या घरचा गणपती तिथे असतो. सोसायटीचा गणपती दीड दिवसाचा, शाडूचा. विसर्जनाच्या दिवशी पाऊस कोसळत होता, दरवर्षी जिथे विसर्जन व्हायचं त्या गोराईच्या जेट्टीच्या रस्त्यावर पाणी भरलं होतं. कमिटीपुढे प्रश्न पडला, आणि कोणाच्या तरी डोक्यात आलं की खरं समुद्राचं, पवित्र पाणी आपल्या गच्चीवर तयार आहे. छप्पर आहे, टाकी रुंद आहे, आणि एवढं भाग्य कोणत्या सोसायटीचं! ढोल-ताशा जिन्याने वर चढला. घरोघरच्या चार मूर्तीही आल्या. कोणी काही नासधूस केली नाही, उलट पंप बंद केला, करंट लागू नये म्हणून. आणि काकांच्या झाडांचं नुकसान होऊ नये म्हणून पाटणकरांनी त्या जाळ्या हलक्या हाताने बाहेर काढल्या आणि स्वच्छ बादल्यांमध्ये ठेवल्या. बादल्यांत त्यांच्या मिसेसनी घरच्या फिल्टरचं पाणी भरून दिलं होतं.

पुढचं काकूंनी मला सांगितलं. गावात फोनला रेंज सकाळी आली तेव्हा पाटणकरांचा व्हिडिओ कॉल लागला. घरात गणपतीसमोर आरतीची तयारी चालली होती, गटातल्या सगळ्या बायका आल्या होत्या. पाटणकर आनंदाने ओरडत होते, "काका, तुमच्या टाकीत बाप्पा! अख्ख्या बोरीवलीत असं विसर्जन झालं नसेल! आणि तुमची झाडं एकदम सेफ, फिल्टरच्या पाण्यात ठेवलीत!" काकांनी एवढंच विचारलं, "कधी ठेवलीत?" पाटणकर म्हणाले, "कालच संध्याकाळी." काका म्हणाले, "मोरया," आणि फोन बंद केला. सुगंधा शेजारीच दूर्वा निवडत होती. तिने विचारलं, "काका, बी बरी असा मा?" काका म्हणाले, "असा." आणि टाळ हातात घेऊन आरतीला उभे राहिले. काकूंना त्यांच्या आवाजावरून कळलं की सगळं संपलं आहे, पण गणपती घरात असताना त्यांनी विचारलं नाही.

पाच दिवसांचा गणपती पोचवून ते परत आले. टाकीच्या तळाशी शाडूचा जाड चिखल, त्यावर हळदकुंकू, विड्याची पानं. बादल्यांमधल्या जाळ्यांत पांढरा, बुळबुळीत लगदा, बोट लावलं की तुटणारा. त्यांनी तो लगदा काचेच्या भांड्यात ताज्या खाऱ्या पाण्यात घातला, दोन दिवस बघितलं, आणि मग भांडं काकूंना घासायला दिलं. मी भडकले होते. म्हटलं, पाटणकरांना आत्ता खाली बोलावते, सगळ्या सोसायटीसमोर विचारते. काकांनी माझा दंड धरला. जोर होता त्या हाताला. "काय विचारशील? पवित्र पाणी आहे म्हणून मीच सांगितलेलं. माझ्या शास्त्रावर कोणी विश्वास ठेवला नाही, थापेवर ठेवला. यात त्यांची काय चूक?" मग म्हणाले, "तू कोणाला बोलायचं नाहीस. शपथ आहे." मी शपथा मानत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी मी गप्प बसले.

त्यानंतरचा महिना मला अजून आठवला की अंगाचा तिळपापड होतो. आमच्या वॉर्डात पर्यावरणपूरक विसर्जनाचं बक्षीस सोसायटीला मिळालं. हॉलमध्ये छोटा समारंभ झाला, काकांना शाल आणि श्रीफळ दिलं. त्यांच्या थापेचं वाक्य पाटणकरांनी भाषणात जसंच्या तसं म्हटलं, सगळ्या तीर्थांचं तीर्थ आपल्या डोक्यावर आहे म्हणून. टाळ्यांचा कडकडाट झाला. काका शाल पांघरून खुर्चीत बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला काहीच वाचता येत नव्हतं. आठवडाभर आधी त्यांनी गावी फोन करून सुगंधाला सांगितलं होतं की पावसाचं पाणी टाकीत शिरलं आणि बी मेली. ती फोनवर एक शब्द बोलली नाही, असं काकू म्हणाल्या. मला वाटतं, चार शिव्या दिल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

दक्षिणेतलं बियाणं त्या वर्षीही उशिरा आलं आणि सडलेलं आलं. बायकांनी तराफे सोडले. बांबू कोणी मांडवाला नेले, कोणी कोंबड्यांच्या खुराड्याला. दोघी-तिघी कोलंबीच्या कारखान्यात लागल्या. पुढच्या वर्षी काका गणपतीला गावी गेले नाहीत. आम्ही त्यांना प्रकृतीचं विचारत राहिलो, कारण दुसरं कारण कोणाला सुचेना. चतुर्थीच्या दिवशी सुगंधाचा फोन आला. काकूंनी फोन काकांच्या कानाशी धरला. पलीकडून ती म्हणत होती, "काका, कित्याक येवक नाय? आमी काय खातलंव तुमका?" काका म्हणाले, "बी नाय, मी येवन काय करू गो?" ती म्हणाली, "बियेसाठी बोलवतंव काय तुमका?" फोन काकूंच्या हातातच ठेवून ते आत गेले. त्या हिवाळ्यात, दुपारी जेवून पडले असताना, ते गेले. मी कचेरीत होते. फ्रीज उघडून माझ्या आइस्क्रीमच्या डब्यावर ओरडणारं आता कोणी नाही, आणि मी तो डबा आणणंच सोडलं आहे.

यंदा सोसायटीने ठरवलं की गच्चीवरच्या टाकीला काकांचं नाव द्यायचं. आता दरवर्षी तिथेच विसर्जन होतं, नळाच्या पाण्यात. पाटणकर फलकाचा मजकूर घेऊन माझ्याकडे आले, "तुम्ही त्यांच्या जवळच्या, जरा नजर फिरवा." मजकुरात सागर होता, श्रद्धा होती, पर्यावरण होतं. मी म्हटलं, "शेवाळ कुठे आहे?" ते ओशाळून म्हणाले, "ते नको हो. लोकांना वाटेल आपण टाकी धूत नाही." तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी त्यांना सगळं सांगितलं, फिल्टरच्या पाण्यासकट. पाटणकर सोफ्यावर बसले, चष्मा काढला. म्हणाले, "त्या जाळ्या मी स्वतः उचलल्या होत्या. किती जपून उचलल्या होत्या हो." मग रडले. रडून झाल्यावर डोळे पुसून म्हणाले, "एवढं आपल्यातच राहू दे. मिसेसना कळलं तर ती जेवायची नाही." आणि मजकूर तसाच छापायला गेला.

फलकाच्या समारंभाला काकूंनी सुगंधालाही आणलं होतं. ती गेल्या वर्षीपासून कांदिवलीच्या एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते, नवऱ्याचं काम सुटल्यापासून. हाताच्या बोटांना भाजल्याचे डाग होते. पडदा सरकला तेव्हा तिनेही टाळ्या वाजवल्या. मग टाकीजवळ गेली, आत वाकून बघितलं, मान वर करून छपराकडे बघितलं. परत आत बघितलं. पाटणकर पेढ्यांचं ताट घेऊन आमच्यापर्यंत आले होते.

"ताई," ती मला म्हणाली, "काकांची बी ह्याच टाकयेत होती मा?"

"हो."

"काका तर सांगत, पावसाचा पाणी शिरला म्हणान मेली. ह्येच्यार तर पत्रो असा. पाऊस खयसून इलो?"

पाटणकर ताट धरून माझ्याकडे बघत उभे होते. काकू फलकाकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "त्या वर्षी तिरका पाऊस होता गं."

पाटणकरांनी सुगंधाच्या हातावर पेढा ठेवला.